बाबांनी राजाचा डोळा काढला

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे गॅसवाल्याच्या कागदावर सही करणं, किंवा मूर्तीच्या पाटाखाली खडूने गिऱ्हाइकाचं आडनाव घालणं. त्यापुढे आमच्यापैकी कुणी गेलेलं नाही. पुस्तकात छापण्यासारखं लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मला कॉलेजात आल्यावर कळलं, आणि त्यांत आपण नाही हेही लगेच कळलं. मला अवघड शब्द येत नाहीत. जे येतात ते वापरायची भीती वाटते, कारण पहिल्या वर्षी एका निबंधात मी ‘साक्षात्कार’ हा शब्द मुलाखत या अर्थाने वापरला होता आणि सरांनी विचारलं होतं, ‘कोणत्या देवाचा झाला?’ तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. न लिहिता राहवेना म्हणून लिहितोय.

मी पेणचा. घर रामवाडीत, हायवेपासून थोडं आत. शिकतो मात्र रोह्याला. पेणला कॉलेज असताना रोह्याला का, असं लोक विचारतात, आणि विचारताना त्यांना काहीतरी मोठं कारण अपेक्षित असतं. खरं कारण असं, की कॉलेजच्या प्रवेशालाही शेवटची तारीख असते हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बारावीचा निकाल लागल्यावर कॉलेजवाले बोलावतील म्हणून आम्ही वाट बघत बसलो. पेणची तारीख गेली तेव्हा रोह्याची बाकी होती, आणि रोह्याला लागूनच वरसे गावात मावशी राहते. म्हणून मी रोह्याचा विद्यार्थी.

बाबा गणपतीच्या कारखान्यात डोळे काढतात. पेणमध्ये हे वाक्य कुणाला खटकत नाही. रोह्याला पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाने विचारलं, ‘वडील काय करतात?’ मी म्हणालो, ‘डोळे काढतात.’ तो बाकावर थोडा सरकून बसला.

म्हणून नीट सांगतो. मूर्ती साच्यातून निघाली की तिच्या अंगाला रंग देणारे, पितांबर रंगवणारे, दागिने करणारे बरेच हात असतात. डोळ्यांची आखणी करणारे थोडेच. डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. ते निघेपर्यंत कारखान्यात मूर्तीला मूर्ती म्हणत नाहीत, ‘माल’ म्हणतात. डोळे झाले की बाबा ब्रश खाली ठेवून हात जोडतात आणि मगच पुढच्या मालाकडे वळतात. हे ते माझ्या जन्माच्या आधीपासून करत आलेत.

यंदाच्या उन्हाळ्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी ते आता अंथरुणातून वाचतात. पण कारखान्याचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात, ते घाबरले. त्यांनी बाबांना प्रेमाने बसवून सांगितलं, ‘यंदा आराम करा. पितांबर मारा. डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू.’

पितांबर मारा म्हणजे मूर्तीच्या धोतराला पिवळा रंग द्या. तो जरा इकडेतिकडे गेला तरी शेला समजून खपतो. बाबांनी मान डोलावली. आई बोलली.

‘जन्म डोळ्यांत गेला नि आता धोतरावर आले.’

‘धोतर नाय गो, पितांबर हाय,’ बाबा म्हणाले.

‘पिवळं केलं म्हणून काय ते धोतर नाय?’

बाबांनी आखणीचे बारीक ब्रश कापडात गुंडाळून फळीवर ठेवले. पुढच्या वर्षी बघू म्हणतात, तेव्हा त्या जागेवर एखादा तरुण पोरगा बसवलेला असतो, आणि पोरगा एकदा डोळ्यांवर बसला की उठत नाही. हे बाबांना ठाऊक होतं. त्यांना डोळे परत मिळतात की नाही, घरात दुसरा विषय नव्हता, आणि त्या विषयावर कुणी बोलतही नव्हतं.

अशा दिवसांत आमच्या इतिहासाच्या मॅडमनी कॉलेजात प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची. कुणी आजोबांची अडकित्त्याची पेटी आणणार होता, कुणी दगडी उखळ. एकीच्या घरी तर तलवार होती. आमच्या घरातली सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे मिक्सर, आणि तो रोज लागत होता. ‘माझ्याकडे काही नाही’ असं वर्गात उभं राहून सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी म्हणालो, ‘नाणं आणतो, मॅडम.’

नाणं कुठून आणणार याचा विचार मी खाली बसल्यावर केला.

मावशीने जिथून कुकरची रिंग मागवली होती, त्याच मोठ्या ऑनलाइन दुकानात मी शोधलं. तिथे सगळं मिळतं. ॲप मराठीत करून घेतलं होतं, आणि ते मराठी कुणी माणसाने केलेलं नव्हतं. नाण्याचं नाव होतं, ‘दुर्मिळ वृद्ध नाणे, राजा डोके बाजू, मागे वाघ, चांदी रंग, संग्राहक आनंद’. खाली घेणाऱ्यांचे अभिप्राय होते. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘मस्त, साईज बरोबर बसला.’ दुसऱ्याने एकच तारा दिला होता आणि तक्रार केली होती, ‘नाणे जुने आले.’ त्या तक्रारीवर माझा विश्वास बसला आणि मी शिष्यवृत्तीतून ते मागवलं.

पत्ता पेणचा दिला. वरसे गावात इतक्या इमारती उठल्यात की पार्सलवाल्याला घर सापडत नाही. ‘कुठली बिल्डिंग?’ ‘नवीन.’ ‘सगळ्या नवीनच हायत, दादा,’ असं म्हणून तो मागच्या वेळी मावशीची रिंग परत घेऊन गेला होता.

पार्सल पेणला पोचलं तसा आईचा फोन आला. मी तोवर बरंच वाचून ठेवलं होतं. खरी चांदी चुंबकाला चिकटत नाही, चिकटली तर समजायचं लोखंड. आमच्या फ्रीजवर एक आंब्याच्या आकाराचं चुंबक आहे. मी आईला म्हणालो, ‘आंबा काढ आणि नाण्याला लाव.’

‘लावला.’

‘चिकटलं का?’

‘चिकटलं रे!’ आई खूश झाली. ‘काय झकास चिकटलंय. सोडतच नाय.’

‘आई, चिकटायला नको होतं.’

‘मग लावायला कशाला सांगितलंस?’

मी म्हणालो, नाणं खोटं आहे, परत पाठवावं लागेल. ॲपमध्ये बघितलं तर लिहिलं होतं, ‘तुमची परत खिडकी मंगळवारी बंद होईल.’ मी घाईत ते तसंच आईला सांगितलं.

‘कुठली खिडकी?’

‘परत करायची. मंगळवारी बंद होणार आहे.’

‘होऊ दे की. नायतरी पाणी आत येतंय.’

‘आई, ते राहू दे. मी शनिवारी येतो. तोपर्यंत नाणं जसं आलंय तसं ठेव. कुणाला हात लावू देऊ नको.’

‘नाय देत,’ आई म्हणाली.

शनिवारी लेक्चर संपवून एसटी पकडली आणि नागोठण्यावरून पेणला आलो. घरात शिरलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. एरवी मी आलो की ती आधी मी बारीक झालोय असं म्हणते. नाणं टीव्हीवर ठेवलं होतं. मी ते उचलून खिडकीपाशी नेलं.

राजा माझ्याकडे बघत होता.

नाण्यावरचा राजा बाजूने काढलेला असतो. त्याचं तोंड भिंतीकडे, आपल्याला फक्त एक गाल, एक कान आणि एक डोळा. ॲपमधल्या फोटोत हा डोळा इतका झिजलेला होता की तिथे नुसती गुळगुळीत जागा होती. आता तिथे पांढरा रंग, त्यावर काळं बुबुळ, बुबुळात सुईच्या टोकाएवढी चमक, आणि पापणीची रेघ कानाच्या दिशेने लांब गेलेली. गणपतीचा डोळा. अर्धा मिटलेला, शांत, सगळं पोटात घालणारा. मुकुट घातलेला तो साहेब आता असा दिसत होता, की राज्य गेलं तर गेलं, तुम्ही जेवलात का ते सांगा.

‘आई, राजाला डोळा कुणी काढला?’

‘आपल्या घरात दुसरं कोण काढनार? मी?’

तेवढ्यात बाबा मोरीतून हात धुऊन आले. नखांत पिवळा रंग तसाच होता. ते माझ्या शेजारी उभे राहून नाणं बघू लागले, जणू काही तेही पहिल्यांदाच बघतायत.

‘एकच व्हता,’ ते म्हणाले. ‘दुसरा शोधला मी. उलटं करून बघितलं तर मागं वाघ.’

‘वाघाला पण काढलात?’

‘त्याला व्हता. ज्याला हाय त्याला हात नाय लावला.’

‘बाबा, हे परत पाठवायचं होतं.’

‘म्हणूनच तर. परत पाठवायचं ते डोळ्याशिवाय पाठवनार? कारखान्याच्या दारातनं माल डोळ्याशिवाय बाहेर गेलेला ऐकलायस तू कधी?’

मी ऐकलेलं नव्हतं. बाबा बाहेर ओट्यावर गेले. मी आईजवळ बसलो.

‘तुला सांगितलं होतं ना, हात लावू देऊ नको म्हणून.’

‘आडवी आले व्हते मी,’ आई हळू आवाजात म्हणाली. ‘म्हटलं पोराची वस्तू हाय. पन त्यांनी फळीवरनं ब्रशांची गुंडाळी काढली. ऑपरेशन झाल्यापासनं पहिल्यांदा काढली रे. मग मी बाजूला झाले.’

‘हात हलला का त्यांचा?’

‘मी कुठं बघितलं? मी तव्याकडं बघत बसले. नि तरी भाकरी करपलीच.’

मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून डोळा पुन्हा बघितला. पापणीची रेघ केसाएवढी होती आणि कुठे तुटलेली नव्हती. पण ती रेघ कितीही चांगली असली तरी नाणं खोटं होतं आणि खिडकी मंगळवारी बंद होणार होती. मी ॲपच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक ताई आल्या, आवाजाने फार सभ्य. मला खोटं बोलायचं नव्हतं म्हणून मी सगळं सांगायचं ठरवलं.

‘सर, परत करायचं कारण सांगाल का?’

‘नाणं खोटं आहे. आणि दुसरं म्हणजे, माझ्या वडिलांनी राजाचा डोळा काढला.’

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

‘सर, तुमचे वडील आता कुठे आहेत?’

‘ओट्यावर बसलेत.’

‘शांत आहेत का?’

‘हो, हो. हल्ली ते डोळे काढत नाहीत. शेठनी बंद केलंय. हल्ली ते फक्त पितांबर मारतात.’

‘पितांबरला का मारतात, सर?’

‘गणपतीचा पितांबर.’

‘गणपतीचा कोण लागतो?’

इथे माझं मराठी संपलं. मी पहिल्यापासून सांगितलं. आधी डोळा नव्हता, आता आहे, कुणाला इजा झालेली नाही. ताईंनी सुस्कारा सोडला. ‘म्हणजे वस्तू आली तेव्हा डोळा नव्हता?’ त्यांनी विचारलं.

‘नव्हता.’

‘मग तसं बोला ना, सर. मी कारण टाकते, भाग गहाळ. सोमवारी माणूस येईल.’

सोमवारी सकाळी माणूस आला. पेणमध्ये पार्सलं वाटणारा तोच, पाठीवर मोठी पिशवी. त्याने मोबाइलवर मूळ फोटो उघडला, नाणं तळहातावर ठेवलं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

‘हे नाय चालनार. फोटोत ह्याला डोळा नाय.’

‘आता आहे,’ मी म्हणालो. ‘कमी काही झालेलं नाही. जास्तच झालंय.’

‘जास्त चालत नाय, भाऊ. कमी असेल तर ऑप्शन हाय, तुटलं असेल तर ऑप्शन हाय. जास्तचा ऑप्शनच दिला नाय कंपनीनं.’

बाबा कामावर निघाले होते ते चपला पायात घालून थांबले. ‘काय झालं?’

‘काका, ह्याला डोळा कुनी काढला?’

‘मी.’

‘कशाला?’

‘नव्हता म्हणून.’

माणसाला पुरावा म्हणून फोटो घ्यावा लागणार होता. त्याने कॅमेरा जवळ नेला, स्क्रीनवर दोन बोटं पसरून मोठं केलं आणि एकदम मान मागे घेतली.

‘आयला! बघतोय हा माझ्याकडं.’

‘डावीकडं सरका,’ बाबा म्हणाले.

तो सरकला. ‘तरी बघतोय!’

‘आता खाली बसा.’

तो पिशवीसकट खाली बसला. ‘काका, तरी बघतोय!’

‘बघनारच,’ बाबा म्हणाले. ‘बुबुळ मधोमध ठेवलंय त्याचं.’ आणि पिवळ्या नखांचे हात मागे बांधून कामाला निघून गेले. ऑपरेशनपासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

माणूस नाणं न घेता गेला. फोटो मात्र त्याच्याकडे राहिला. हा माणूस पेणच्या सगळ्या कारखान्यांत खडे, मोती, गोंडे यांची पार्सलं पोचवतो, आणि त्याला बोलायला आवडतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत राजा पेणभर हिंडून आला.

बाबा घरी आले ते गप्प. आईने चहा पुढे ठेवला आणि समोरच बसली, म्हणजे आता सुटका नाही.

‘हसत व्हते सगळे,’ बाबा म्हणाले. ‘एक म्हनाला, सरकारी कामं घ्यायला लागलात काय? एक म्हनाला, माझ्या आधार कार्डावर मी झोपलेला दिसतो, तेवढे डोळे उघडून द्या.’

‘नि शेठ?’

‘शेठनी पन बघितला. मोठा करून.’

‘काय म्हनाले?’

‘काय नाय.’

‘हसले?’

‘नाय.’

‘मग केलं काय?’

‘चहा मागवला.’

‘तुमच्यासाठी?’

‘नाय. सोतासाठी.’

आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज वाढला. आवाजाच्या मधून तिचं म्हणणं ऐकू येत होतं, की आता पितांबर तरी ठेवतात का बघा, पायांच्या नखांवर बसवतील. मी एक नाणं मागवलं होतं, आणि त्यापायी बाबांचं उरलंसुरलं कामही जायची वेळ आली होती. पहाटेची गाडी धरून मी नाणं खिशात घालून रोह्याला गेलो.

कॉलेजात मॅडमना नाणं दाखवलं आणि आधीच सांगून टाकलं, की हे खोटं निघालं, चुंबकाला चिकटतं.

मॅडम हसल्या. ‘अरे, हा निकेलचा अर्धा रुपया. स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारला चांदी परवडेना, म्हणून निकेलची नाणी काढली. निकेल चुंबकाला चिकटतंच. हे नाणं खरं आहे.’

मला खूप बरं वाटलं. तेवढ्यात मॅडमनी नाणं फिरवलं.

‘हे काय?’

‘मॅडम, वडिलांनी,’ एवढं म्हणून मी थांबलो. शब्द जपून निवडला. ‘वडिलांनी डोळ्याची आखणी केली.’

मॅडमनी टेबलावरचं भिंग घेतलं. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी नाणं थोडं तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं, आणि आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. राजा काय करत असणार ते मला ठाऊक होतं.

‘पाण्याने जाईल?’

‘जाईल. पोस्टर कलर आहे.’

‘मग धुऊन आण. काम सुंदर आहे, पण इतिहासात आपण पदरची भर घालायची नसते.’

वरसे गावात मावशीकडे मी वाटीत पाणी घेतलं, कापूस घेतला आणि नाणं पुढ्यात ठेवलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पहिल्या शिफ्टवरून आले होते. ते कंपनीत असतात. जेवायला बसताना त्यांची नजर नाण्यावर गेली.

‘हा कोण? माझ्या ताटाकडं का बघतोय गो हा?’

‘बघेल नायतर काय,’ मावशी म्हणाली. ‘तिसऱ्यांदा भात घेताय.’

मी बाबांना फोन केला. विचारल्याशिवाय धुणं बरं वाटेना.

‘धू की,’ बाबा म्हणाले. ‘तुझं काम हाय. साबण नको लावू. नुसतं पाणी.’ मग म्हणाले, ‘उजेडात धू. म्हणजे नीट दिसेल.’

‘शेठ काही बोलले?’

‘नाय.’

मी कापूस भिजवला, पिळला, पुन्हा भिजवला. काकांनी पापडही उलट्या बाजूला तोंड करून खाल्ला. शेवटी मी वाटीतलं पाणी तसंच तुळशीला घातलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी नाणं कापसावर ठेवलं, वाघाची बाजू वर. पुढे चिठ्ठी ठेवली, ‘अर्धा रुपया. निकेल.’ माझ्या एका बाजूला तलवार होती, दुसऱ्या बाजूला उखळ. माझ्या टेबलापुढे कुणी थांबत नव्हतं आणि ते मला सोयीचं होतं. मग मॅडम आल्या.

‘वाघ छान आहे. पुढची बाजू?’

‘खाली आहे, मॅडम.’

‘धुतलीस ना?’

त्याच वेळी खिशात फोन थरथरला. आईचा होता. मॅडम म्हणाल्या, ‘घे, घरचा असेल.’ मी व्हरांड्यात पळालो.

‘ऐक,’ आई ओरडून बोलत होती. लांबच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं असं तिला वाटतं. ‘शेठनी बाबांना बोलावून घेतलं. पितांबर बंद. डोळ्यांवर बसवलंय!’

‘काय सांगतेस!’

‘उंदरांच्या.’

प्रत्येक गणपतीच्या पायाशी उंदीर असतो, आणि उंदराचा डोळा म्हणजे एक काळं टिंब. ते काम शिकाऊ मुलांना देतात. आखणीला आलेल्या नव्या मुलाचा हात बघायचा असला की शेठ त्याच्यापुढे उंदीर ठेवतात. इतक्या वर्षांनी तेच उंदीर शेठनी बाबांपुढे ठेवले होते.

‘बाबा चिडले का?’

‘काय कळतंय? चष्मा पुसला नि बसले. गोठ्यात बसल्यागत उंदरांच्या घोळक्यात बसलेत. मी डबा द्यायला गेले व्हते, माझ्याकडं बघितलं पन नाय.’ आईने आवाज खाली आणला. ‘शेठ मागं उभे हायत. सकाळपासनं.’

मी परत आलो तर माझ्या टेबलापुढे गर्दी होती. मॅडमनी नाणं उलटं केलं होतं आणि भिंग बाजूला ठेवलं होतं. मुलं आळीपाळीने वाकत होती, डावीकडे सरकत होती, उजवीकडे सरकत होती. तलवारवाली मुलगी म्हणत होती की तो फक्त तिच्याकडेच बघतोय. तिच्या मागच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं आणि दोघांची जुंपली होती.

मला वाटलं आता बोलणी बसणार. मॅडम म्हणाल्या, ‘भर घातलीच आहेस, तर चिठ्ठीवर लिही तरी. लोकांना फसवायचं नाही.’

मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘डोळा यंदाचा, पेण.’

दुपार जाता जात नव्हती. कुणी आलं की मी निकेलबद्दल सांगत होतो आणि लक्ष फोनकडे. आईला पुन्हा फोन करावासा वाटला, पण तिच्याकडे नवीन काही असतं तर तिने थांबवून ठेवलं नसतं. उखळवाल्याने विचारलं, ‘तब्येत बरी नाही का?’ मी म्हणालो, ‘बरी आहे, उंदरांची वाट बघतोय.’ त्यानेही मग विषय वाढवला नाही.

टेबलं आवरायला लागलो तेव्हा फोन वाजला. बाबांचा होता. बाबा कधी फोन करत नाहीत, ते मिस कॉल देतात आणि मी करायचा असतो. हा वाजतच राहिला. मी उचलला.

‘उंदीर झाले,’ बाबा म्हणाले.

‘सगळे?’

‘सगळे.’

‘मग? शेठ काय म्हणाले?’

‘बोलले काय नाय. उंदरांची फळी सोता उचलून कोपऱ्यात ठेवली.’

‘आणि?’

मागे कारखान्यातला पंखा घरघरत होता. बाबांनी फोन एका खांद्यावर धरला असावा, आवाज लांब गेला, मग जवळ आला.

‘गणपती आणून ठेवलाय पुढ्यात,’ ते म्हणाले. ‘ठेव आता फोन. रंग सुकतोय.’